न्यू जर्सीत काउंटीचे आकडे बघून घर ठरवावं का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या एवढ्याशा न्यू जर्सी राज्यात काउंटी-काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) उत्पन्नाची आणि वस्तीची इतकी तफावत कशी, आणि इथे राहायला येताना ते आकडे बघून घर ठरवावं का. मी इथे 19 वर्षं राहते आहे, आधी जर्सी सिटीत भाड्याने, आता एडिसनला स्वतःच्या घरात. आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते: नुसत्या काउंटीच्या आकड्यावर घर ठरवू नका.

तफावत मात्र खरी आहे, आणि मोठी आहे. पुणे आणि रायगड हे दोन जिल्हे जोडले की जेवढं क्षेत्रफळ होईल, जवळपास तेवढं हे राज्य. त्यात 21 काउंट्या. न्यूयॉर्कला खेटून असलेली हडसन जेमतेम 120 चौरस किलोमीटरची, पण 2020 च्या जनगणनेत तिथे 7 लाख 24 हजार माणसं होती. दक्षिणेची सेलम हडसनच्या सातपट मोठी आणि वस्ती 65 हजारांच्या आत. 2010 ते 2020 या काळात हडसनमध्ये 90 हजार माणसं वाढली, सेलममध्ये हजारभर कमी झाली. हंटरडन, सॉमरसेट, मॉरिस इथल्या अगदी मधल्या कुटुंबाचं उत्पन्न (निम्मी कुटुंबं त्याच्या वर, निम्मी खाली) वर्षाला 1 लाख 30 हजार डॉलरच्या आसपास आहे. कंबरलंडमध्ये ते त्याच्या निम्म्यावर येतं.

याचं मोठं कारण म्हणजे न्यूयॉर्कचा पगार घरी आणणारी रेल्वे आणि मध्य-उत्तर भागातल्या औषध आणि टेलिफोन कंपन्या. सेलम आणि कंबरलंडमध्ये प्रवासी रेल्वेचं एकही स्टेशन नाही. तिथे रेताड जमीन होती म्हणून काच कारखाने आले. सेलममध्ये तर 1739 पासून काच बनत होती. ते बहुतेक कारखाने गेले, शेती राहिली. एका उन्हाळ्यात कंबरलंडमधल्या ब्रिजटनला गेले होते. दुकानांच्या पाट्या स्पॅनिश, पिकअप ट्रकमधून शेतमजूर उतरत होते, आणि रस्त्याकडेच्या टपरीवर पीचची टोपली होती; बाजूच्या डब्यात आपणच पैसे टाकायचे. एडिसनहून दोन तासही लागले नव्हते. तिथली माणसं कष्टाला कमी नाहीत, त्या कष्टाला दाम कमी मिळतो.

पण काउंटीची सरासरी फसवते ती इथून पुढे. एसेक्स काउंटीतला साउथ ऑरेंज अव्हेन्यू हा रस्ता धरा. न्यूअर्कमध्ये तो बंद पडलेल्या दुकानांवरून जातो, मग साउथ ऑरेंज गाव, मग डोंगरातली दाट झाडी, आणि उतरलात की मिलबर्न-लिव्हिंग्स्टनचे बंगले. अर्ध्या तासाचा रस्ता, एकच काउंटी. ओशन काउंटीचंही तसंच. एकीकडे 55 वर्षांवरच्यांसाठी बांधलेल्या वसाहती, दुसरीकडे लेकवूड, जिथे ऑर्थोडॉक्स ज्यू कुटुंबं आहेत, जवळपास निम्मी वस्ती मुलांची आहे, आणि दहा वर्षांत लोकसंख्या 92 हजारांवरून 1 लाख 35 हजारांवर गेली. या दोन्हींचं सरासरी वय काढून काय हाती लागणार?

इथे खरी सीमा गावाची आहे. राज्यात साडेपाचशेहून जास्त नगरपालिका आहेत, एकट्या बर्गन काउंटीत 70. त्यातल्या 26 एकट्या 1894 साली फुटून निघाल्या, कारण शाळेचा कर शेजारच्या गावासाठी भरायचा नव्हता. तेच आजही चाललंय. माझ्या घरपट्टीच्या बिलावर काउंटी, नगरपालिका आणि शाळा असे वेगवेगळे रकाने आहेत, आणि शाळेचा रकाना सगळ्यांत जड. राज्यातली सरासरी घरपट्टी 2024 मध्ये वर्षाला 10 हजार डॉलरच्या वर गेली. म्हणजे महाग घरांच्या गावात शाळेला पैसा, शाळा चांगली म्हणून घरं आणखी महाग. गरीब गावांच्या बाजूने राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ॲबट विरुद्ध बर्क खटल्यात निकाल दिले, 31 गरीब स्कूल डिस्ट्रिक्टना (गावांच्या सरकारी शाळा चालवणारे विभाग) राज्याकडून जादा निधी मिळाला, 1998 च्या निकालाने तिथल्या तीन-चार वर्षांच्या मुलांना मोफत बालवाडी मिळाली. मला हा या राज्याने केलेला सगळ्यांत चांगला निर्णय वाटतो. त्याने दरी मिटली नाही, पण त्या बालवाडीत गेलेली मुलं आता मोठी झाली आहेत.

तुमच्यासाठी एक उदाहरण. वेस्ट विंडसर मर्सर काउंटीत, प्लेन्सबरो मिडलसेक्समध्ये. दोन्हीकडे आपली मराठी कुटुंबं भरपूर. काउंटी वेगळी, पण स्कूल डिस्ट्रिक्ट एकच, म्हणून दोन्हीकडची मुलं एकाच व्यवस्थेत शिकतात. काउंटीच्या तक्त्यात हे कुठेच दिसणार नाही.

म्हणून घर आवडलं की घरमालकाकडून किंवा एजंटकडून मागच्या वर्षीचं घरपट्टीचं बिल मागून घ्या, ते घर कोणत्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये येतं ते विचारा, आणि एखाद्या सकाळी सातला जवळच्या स्टेशनवर जाऊन उभे राहा. ऑफिस फिलाडेल्फियाच्या बाजूला असेल तर माझ्यासारखं एडिसन धरून बसू नका, त्या बाजूचं चेरी हिल बघा. तिथे घरं तुलनेने परवडतात. ऑफिस कुठे आहे ते कळवलंत तर गावांची नावं सुचवते.