चांदीचा डाख का सुटतो? सोलापूरच्या वाचकांचे प्रश्न

या वेळी सोलापूरहून आलेली पत्रं एकत्र घेतली आहेत. सगळी सिल्व्हर ब्रेझिंगची, म्हणजे चांदी मिसळलेला रॉड सांध्यात वितळवून धातूचे तुकडे जोडण्याची; जुने कारागीर याला चांदीचा डाख म्हणतात. पत्रं लांब होती, मुद्द्यापुरती ठेवली आहेत.

प्रश्न : फ्रिज-एसी दुरुस्तीचं काम करतो. काँप्रेसर बदलताना तांब्याची नळी त्याच्या तोटीला जोडतो. तांब्याला तांबं जोडलं की वर्षानुवर्षं टिकतं. काँप्रेसरजवळचा जोड मात्र दोन-तीन महिन्यांत केसाएवढा चिरतो आणि गॅस जातो. रॉड दोन्हीकडे एकच, २ टक्के चांदीचा. रॉडमध्ये भेसळ असेल का? (विडी घरकुल)

उत्तर : रॉडवर संशय घेण्याआधी तोटीला लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तर तोटी पोलादाची आहे आणि वरचा तांबूस रंग म्हणजे नुसता मुलामा. तुमच्या रॉडमध्ये २ टक्के चांदी, साधारण ६ ते ७ टक्के फॉस्फरस आणि बाकी तांबं असतं. तांब्यावर हा फॉस्फरसच फ्लक्सचं, म्हणजे तापलेल्या धातूवरचं ऑक्साइड काढून टाकणाऱ्या पदार्थाचं काम करतो, म्हणून तिथे रॉड फ्लक्सशिवाय झकास पळतो. पोलादाशी गाठ पडली की त्याच फॉस्फरसचा लोहाशी संयोग होतो आणि सांध्यात काचेसारखा ठिसूळ थर तयार होतो. पहिल्या दिवशी तो अखंड असतो, त्यामुळे प्रेशर टेस्ट पास होते. पुढे काँप्रेसर प्रत्येक वेळी चालू-बंद होताना हिसका देतो आणि थर तडकत जातो.

या एका जोडाला फॉस्फरस नसलेला ४५ किंवा ५६ टक्क्यांचा रॉड आणि पांढरा पेस्ट फ्लक्स घ्या. महाग वाटतो, पण लागतो किती ते पाहा : ३/८ इंची नळी, ८ मिमी आत बसलेली, फट ०.१ मिमी. या फटीत पाव ग्रॅमसुद्धा माल (रॉडचा वितळलेला धातू) मावत नाही. १.६ मिमी जाडीच्या रॉडचे दोन सेंटिमीटर म्हणजे कडेच्या गोलाईसकट पुरे. वर गोळा थापून जोड पक्का होत नाही, ताकद फटीत असते.

दोन्ही तुकडे पॉलिश पेपरनं उजळ करा आणि तेलाचा हात लागू देऊ नका. फट ०.०५ ते ०.१२ मिमीच्या आत हवी. झेरॉक्सचा कागद साधारण ०.१ मिमीचा असतो, त्यावरून अंदाज येईल. तांबं पोलादापेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे तांब्याची नळी पोलादी तोटीच्या आत असेल तर तापल्यावर फट आणखी कमी होते. थंड असताना ठोकून बसवलेल्या नळीत माल शिरायला वाटच उरत नाही. नळी हातानं फिरेल इतपत सैल ठेवा.

फ्लक्स लावला की आच आधी तांब्याच्या नळीवर, मग तोटीवर, पुन्हा नळीवर, अशी हलती ठेवा. ज्योत मऊ हवी, शिट्टी मारणारी नको. फ्लक्सकडे पाहत राहा : आधी त्यातलं पाणी उकळतं, मग तो पांढरा फुगतो, नंतर बसतो आणि ६०० अंशांच्या सुमारास पाण्यासारखा नितळ होऊन चमकतो. तो नितळ झाल्यावरच रॉड सांध्याच्या तोंडाशी टेकवा. रॉड जोडाच्या उष्णतेनं वितळला पाहिजे. ज्योतीत वितळवून थेंब पाडला तर तो थंड धातूवर मण्यासारखा बसतो. ज्या बाजूला जास्त उष्णता, त्या बाजूला माल धावतो, म्हणून रॉड वरून लावत असाल तर आच थोडी खाली सरकवा.

दोन गोष्टी पत्रात नाहीत, पण विचारायला हव्यात. ब्रेझिंग चालू असताना नळीतून नायट्रोजन सोडता का? मिनिटाला २ ते ३ लिटर, दुसरं टोक उघडं. नाही सोडला तर आत काळी खपली धरते आणि तीच पुढे कॅपिलरी (गॅसची केसासारखी बारीक नळी) नाहीतर ड्रायर (गॅसमधली ओल टिपणारी डबी) तुंबवते. आणि दाब तपासायला नायट्रोजनच वापरा. काँप्रेसरचं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

साबणाचं पाणी लावण्याआधी फ्लक्स पुसून काढा. गोठलेला फ्लक्स काचेसारखा असतो, बारीक भोक तो बुजवून ठेवतो. त्या दिवशी बुडबुडा दिसत नाही, काही आठवड्यांनी ओलीनं फ्लक्स विरघळला की गळती सुरू. जोड गरम असतानाच ओल्या फडक्यानं आणि तारेच्या ब्रशनं तो सहज निघतो.

प्रश्न : लेथवर वापरायला कार्बाइड टिपचे टूल, म्हणजे पोलादी दांड्यावर (शँकवर) कार्बाइडचा कठीण तुकडा बसवलेली कापायची हत्यारं, आम्हीच ब्रेझ करतो. काही टिपा थंड होताना तडकतात, काही ग्राइंडिंगला, आणि काही पहिल्याच जड कटला उडतात. चांगल्या कंपनीच्या टिपा घेऊनही तेच. (अक्कलकोट रोड एमआयडीसी)

उत्तर : तिन्ही तक्रारींची कारणं वेगळी आहेत. उडालेल्या टिपेचा तळ उलटा करून पाहा. तळ काळपट, कोरडा, त्यावर चांदीचा लवलेश नाही, तर माल टिपेला चिकटलाच नव्हता. टिपेच्या तळावर ऑक्साइड किंवा पॉलिशिंगचं मेण राहिलं की असं होतं. ग्राइंडरच्या हिरव्या दगडावर किंवा डायमंड फाइलवर तळ हलका घासून घ्या, स्पिरिटनं पुसा आणि काळा फ्लक्स वापरा. टिप आणि शँक लालबुंद होईपर्यंत वेळ जातो, तेवढ्यात पांढरा फ्लक्स थकतो. रॉड निकेलवाला हवा. ४९ टक्के चांदी, निकेल आणि मँगनीज असलेला प्रकार कार्बाइडसाठीच असतो. साधा ५६ टक्क्यांचा रॉड कार्बाइडवर नीट पसरून चिकटत नाही.

तडकण्याचं मूळ प्रसरणात आहे. तापल्यावर पोलाद जितकं फुगतं, त्याच्या जेमतेम निम्मं कार्बाइड फुगतं. २० मिमीची टिप ६५० अंशांवरून थंड होताना खालचं पोलाद तिच्यापेक्षा ०.०८ मिमी जास्त आखडतं. आकडा लहान दिसतो, पण कार्बाइड लवचिक नाही. शँक धनुष्यासारखा वाकायला बघतो, टिपेची वरची बाजू ताणली जाते आणि चीर पडते.

यावर तीन उपाय आहेत. एक, १५ मिमीहून मोठ्या टिपांना ट्रायमेटल पट्टी घाला : मध्ये तांबं, दोन्ही अंगांना चांदीचा मिश्रधातू, जाडी १:२:१. मधलं मऊ तांबं वितळत नाही आणि ताण आपल्या अंगावर घेतं. म्हणूनच ती वितळल्यावर टिप दाबून पट्टी पिळून काढू नका, खालचा थर जाड राहिला तरच उपयोग. दोन, टिपेची सीट (शँकमधली बसायची खाच) तिन्ही बाजूंनी घट्ट नको. तळाला जोड, मागच्या भिंतीला नुसता टेका. कोपऱ्यात चर ठेवला तर आणखी बरं. तीन, आच शँकला खालून द्या, टिपेवर ज्योत धरू नका. माल वितळला की टिप एकदा-दोनदा मागेपुढे सरकवा म्हणजे अडकलेला फ्लक्स बाहेर पडेल. मग तारेनं हलकं दाबून धरा आणि टूल कोरड्या राखेत किंवा चुन्याच्या भुकटीत पुरून ठेवा. पंख्याखाली ठेवणं किंवा पाण्यात बुडवणं म्हणजे टिप आपल्या हातानं फोडणं.

ग्राइंडिंगला तडकणाऱ्या टिपांत बहुतेक वेळा ब्रेझिंगचा दोष नसतो. दगड बोथट, दाब जास्त, टिप निळसर होईस्तोवर घासायची आणि वर मग्यातल्या पाण्यात बुडवायची, ही सवय सोडा. घासायचं तर सतत पाण्याखाली, नाहीतर पूर्ण कोरडं.

प्रश्न : ४५ आणि ५६ नंबरच्या रॉडमध्ये पक्का कुठला? (होटगी रोड)

उत्तर : तो आकडा चांदीच्या टक्क्यांचा आहे, ताकदीचा नव्हे. टिनवाला ५६ टक्क्यांचा रॉड ६१८ अंशांना वितळू लागतो आणि ६५२ ला पूर्ण पातळ होतो. ४५ चांदी, ३० तांबं, २५ जस्त हा रॉड ६७७ ते ७४३. बारीक फट, नाजूक नळी असेल तर ५६. फट थोडी सैल, कडेला गोलाई हवी असेल तर ४५, कारण तो जरा घट्टसर वाहतो. दुकानदार "जास्त चांदी म्हणजे जास्त मजबूत" म्हणत असेल तर त्याला रॉड विकायचा आहे.

प्रश्न : टॉवेलच्या सुताच्या डाइंगमध्ये तांब्याची वाफेची कॉइल आहे. गळतीला कथिलाचा डाख लावला, आठवड्यात सुटला. (पूर्व भाग)

उत्तर : सुटणारच. ६०-४० कथिल-शिसं १८३ अंशांना वितळायला लागतं आणि ७ किलो दाबाची वाफ १७० अंशांची असते. धातू वितळला नाही तरी त्या तापात तो हळूहळू सरकतो. कथिल पूर्ण खरवडून काढा, शिसं उरलं तर पुढचा जोड ठिसूळ होतो. मग ४५ टक्क्यांनी ब्रेझ करा. टाकीत सल्फर रंग वापरत असाल तर फॉस्फरसचा रॉड टाळा. गंधकाच्या संयुगांपुढे तसे जोड तग धरत नाहीत आणि खुद्द तांब्यालाही ती खातात, तेव्हा कॉइल स्टेनलेसची करण्याचा विचार करा. बॉयलरच्या मुख्य लाइनला स्वतः हात लावू नका, ते काम प्रमाणित वेल्डरचं.

प्रश्न : जुन्या साठ्यातला एक रॉड फार सहज वितळतो, पण पिवळट-तपकिरी धूर निघतो. काम झाल्यावर रात्री अंगात कणकण येते, छाती भरते. (बाळे)

उत्तर : तो रॉड आजच बाजूला काढा, तो कॅडमियमचा दिसतो. ४५ टक्के चांदी आणि २४ टक्के कॅडमियमचा रॉड ६०७ ते ६१८ अंशांतच वितळतो, म्हणून तो कारागिरांचा लाडका होता. कॅडमियम ७६७ अंशांना उकळतं, ज्योत जरा जास्त धरली की धूर. जस्ताच्या धुरानंही थंडीताप येतो आणि एखाद्या दिवसात उतरतो. कॅडमियमची सुरुवात तशीच वाटते, पण काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू शकतं आणि जीव जाऊ शकतो. दूध पिऊन, गूळ खाऊन काही होत नाही. पुन्हा तसं झालं तर रात्र काढू नका, सिव्हिल गाठा आणि डॉक्टरांना "कॅडमियमचा धूर" हे शब्द सांगा. युरोपात असे रॉड २०११ पासून बंद आहेत. इथे घेताना पाकिटावर "कॅडमियम फ्री" लिहिलेलं पाहून घ्या. नाकाला रुमाल बांधून हा धूर अडत नाही.

प्रश्न : आजीची पितळी समई दांड्याच्या जोडात तुटली आहे. गड्ड्याच्या यात्रेआधी उभी करायची आहे. सिल्व्हर रॉड चालेल? (मंगळवार पेठ)

उत्तर : चालेल, पण आधी जुना जोड कशाचा होता ते पाहा. नखानं ओरखडा उठणारा राखाडी धातू म्हणजे कथिल-शिसं. ते कानशीनं शेवटच्या कणापर्यंत काढायचं, नाहीतर तापल्यावर ते पितळात उतरून खड्डे पाडतं. पितळ साधारण ९०० अंशांना वितळतं, म्हणून ५६ टक्क्यांचा रॉड घ्या. पितळ लाल दिसण्याची वाट पाहू नका, ती लाली उन्हात दिसत नाही आणि दिसेस्तोवर दांडा वाकतो. सावलीत काम करा, जाड बैठकीला जास्त आच द्या, पातळ दांड्याला कमी. वजन पडणार असल्यामुळे नुसते टोकाला टोक जोडू नका. आत ५ मिमीची पितळी खुंटी बसवा आणि तिच्यासकट ब्रेझ करा.

नंतर समई कोमट पाण्यात अर्धा तास ठेवून फ्लक्स काढा. डाग राहिले तर चिंच चोळा. तेजाबात बुडवायची झाली तर लोखंडी सांडशी वापरू नका, पितळावर तांब्याचा गुलाबी थर बसतो. सांध्यावर बारीक पांढरट रेघ दिसेल, ती घासून जाणार नाही.