इंदूरच्या सियागंज बाजारातून टेम्पोने लोखंडी कपाट घरी न्यायचंय. दोर सैल पडू नये म्हणून कोणती गाठ मारू?

ट्रकर्स हिच मारा. दोराचं एक टोक टेम्पोच्या कड्याला पक्कं बांधा, दोर कपाटावरून पलीकडे घ्या आणि मध्येच न सरकणारा फास पाडा. मोकळं टोक पलीकडच्या कड्यातून वर आणून फासात ओवा आणि खाली खेचा. फास कप्पीचं काम करतो: हिशेबाने तिप्पट ताण, पण घर्षणामुळे प्रत्यक्षात बराच कमी. ताण न सोडता दोन अर्ध्या गाठी मारा, म्हणजे दोराभोवती वेढा घेऊन टोक त्याच वेढ्यातून काढा, असं दोनदा. बहुतेकांचा दोर इथेच ढिला पडतो. कपाटाच्या धारेवर गोणपाट ठेवा. नायलॉन ताणाने लांबतं, तेव्हा थोडं अंतर गेल्यावर थांबून पुन्हा आवळा. मात्र ही गाठ सामान बांधायला आहे. याच गाठीवर कपाट दुसऱ्या मजल्यावर ओढून घेऊ नका.