पॉवर बीआयमध्ये पान हाइड केलं म्हणजे डेटा लपला का?

तुमचा प्रश्न असा, की पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमधला एकच रिपोर्ट पाच तालुक्यांच्या सुपरवायझरना द्यायचाय, प्रत्येकाला आपल्याच तालुक्याचा खरेदीचा दर दिसावा आणि शेतकऱ्याचा बँक खाते नंबर कुणालाच दिसू नये. त्यासाठी बाकीची पानं हाइड करून फिल्टर लॉक केला तर भागेल का?

नाही भागणार. मी नाशिकला एका द्राक्ष निर्यातदाराकडे एमआयएस, म्हणजे आकडे आणि रिपोर्टांचं काम, बघतो. पहिल्या हंगामात मीही नेमकं हेच केलं होतं. आठवड्याभरात दिंडोरीच्या सुपरवायझरचा फोन: "साहेब, निफाडला किलोमागे चार रुपये जास्त कसे?" त्याने काही हॅक वगैरे केलं नव्हतं. मीच शेअर करताना बिल्ड परमिशनची, म्हणजे रिपोर्टामागचा डेटा वापरू द्यायची, टिक तशीच ठेवली होती. त्याने 'अ‍ॅनलाइझ इन एक्सेल' दाबलं, एक्सेलच्या पिव्होट टेबलात तालुका आणि दर ओढले, झालं. पान हाइड करणं म्हणजे दाराला पडदा लावणं. कुलूप मॉडेलला, म्हणजे रिपोर्टामागच्या डेटाच्या टेबलांना, लावावं लागतं.

त्या कुलपाचं नाव रो-लेव्हल सिक्युरिटी, म्हणजे आरएलएस: कुणाला टेबलाच्या कुठल्या ओळी दिसतील ते हे ठरवतं. एक छोटं टेबल करा: एका कॉलममध्ये मेल, दुसऱ्यात तालुका. पॉवर बीआय डेस्कटॉपमध्ये 'मॅनेज रोल्स'मध्ये जाऊन या टेबलावर एकच रोल (फिल्टरचा नियम) लावा, की मेल कॉलम बरोबर युजरप्रिन्सिपलनेम() हे फंक्शन, जे लॉगिन केलेल्या माणसाचा मेल देतं. पाच तालुक्यांचे पाच रोल करत बसू नका. माणूस बदलला की प्रत्येक वेळी तुम्हालाच हात घालावा लागेल. मेलचं टेबल तालुक्याच्या टेबलाला जोडताना त्या रिलेशनशिपमध्ये सिक्युरिटी फिल्टर दोन्ही दिशांना लागू करायची टिक द्या. ती राहिली की फिल्टर पुढे सरकतच नाही आणि सगळ्यांना सगळं दिसतं. पब्लिश केल्यावर सर्व्हिसमध्ये, म्हणजे पॉवर बीआयच्या वेबसाइटवर, त्या रोलमध्ये माणसं घालायलाही विसरू नका.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो ती जागा. आरएलएस फक्त व्ह्यूअरला, म्हणजे नुसतं बघायची परवानगी असलेल्याला, लागू होतं. वर्कस्पेसमध्ये, म्हणजे रिपोर्ट ठेवतो त्या सामायिक जागेत, कुणाला कॉन्ट्रिब्यूटर, मेंबर किंवा अ‍ॅडमिन केलंत, की त्याच्यासाठी तुमचं कुलूप नाहीच. रात्री अकराला पॅकहाऊसवरून "रिपोर्ट उघडत नाही हो" असा फोन येतो आणि आपण वैतागून मेंबर करून टाकतो. मी केलंय. दुसऱ्या दिवशी काढायचं लक्षात राहत नाही.

बँक खात्याचं उत्तर सोपं आहे: तो कॉलम पॉवर क्वेरीतच, म्हणजे डेटा आत घेतानाच, काढून टाका. कॉलम लपवायला ऑब्जेक्ट-लेव्हल सिक्युरिटी आहे, पण ज्याला कॉलमची परवानगी नाही त्याच्याकडे तो वापरणारा व्हिज्युअल (तक्ता किंवा आलेख) एरर देतो. कुणालाच बघायचा नसलेला आकडा मॉडेलमध्ये हवाय कशाला?

एक अडचण पुढे येईलच. दिंडोरीवाल्याला "एकूण खरेदीत आपला वाटा" दाखवायचा असेल तर त्याला तो १०० टक्के दिसेल, कारण त्याच्यापुरतं एकूण म्हणजे दिंडोरीच. कंपनीची बेरीज आधीच काढून वेगळ्या, न जोडलेल्या टेबलात ठेवा. पण जपून. दोनच तालुके असतील तर बेरजेतून वजाबाकी करायला सुपरवायझरला वेळ लागत नाही. गावात एकच बागायतदार असेल तर त्या गावाचा सरासरी दर म्हणजे त्याचाच दर.

रिपोर्टाची सार्वजनिक लिंक बनवणारं 'पब्लिश टू वेब' तर अ‍ॅडमिनकडून बंदच करून घ्या. त्या लिंकला लॉगिनच लागत नाही.

तपासताना 'व्ह्यू अ‍ॅज'मध्ये, जिथे दुसऱ्याच्या नजरेने रिपोर्ट बघता येतो, रोल आणि दुसऱ्याचा मेल, दोन्ही टिक करा. बाहेरच्या मेलवाल्यांसाठी काही दिवस रिपोर्टातल्या एका कार्डवर (एकच किंमत दाखवणारा चौकोन) युजरप्रिन्सिपलनेम() दाखवा. टेबलात लिहिलेला मेल आणि प्रत्यक्ष येणारा मेल वेगळा निघू शकतो. आणि एप्रिलमध्ये माल संपला की हंगामी सुपरवायझरची नावं त्या टेबलातून आणि शेअरिंगमधून त्याच आठवड्यात काढा, कारण पुढच्या हंगामात तो कुणाकडे असेल ते आपल्याला माहीत नसतं.