हातात चेंडू नसताना

प्रिय पोरी,

तुझा मेसेज दोनदा वाचला. बास्केटबॉल स्पर्धेतल्या जवळजवळ प्रत्येक मॅचला तुझ्यावर दोघीदोघी घातल्या, तुझे पॉइंट घसरले, आणि आता तू म्हणतेस की निवड समितीला स्कोअरशीटवरचा आकडा तेवढा दिसतो, तर पुढच्या वेळी दोघींच्या मधून का होईना, शॉट मारायचाच. ताई म्हणून सांगते, असं करू नकोस. का, ते सांगायला मला एका मुलाच्या कॉलेजातल्या तीन वर्षांबद्दल लिहावं लागेल, म्हणून पत्र जरा लांबेल.

स्टीफन करी तुला नवा नाही. चार विजेतेपदं, दोनदा सर्वोत्तम खेळाडू, अर्ध्या कोर्टवरून मारलेले तीन पॉइंटांचे थ्री, हे सगळं तुझ्या फोनमध्ये आहे. मला त्याआधीचा करी बघायला आवडतो, डेव्हिडसन कॉलेजचा. नॉर्थ कॅरोलिनातलं, दोन हजारही विद्यार्थी नसलेलं ते कॉलेज. वडील डेल करी एनबीएत, अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, १६ हंगाम खेळलेले, आई-वडील दोघंही व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे खेळाडू. पोराचीही तिथेच जायची इच्छा होती. विद्यापीठाने शिष्यवृत्ती दिली नाही. हवं तर स्वतःच्या खर्चाने ये आणि संघात जागा मिळव, एवढंच म्हणाले. अंगाने किरकोळ होता, मोठ्या कॉलेजांना तो नको होता. डेव्हिडसनचे कोच बॉब मॅकिलॉप यांना हवा होता.

शाळेत असताना तो शॉट कमरेपासून उचलायचा. पुढे उंच पोरं तो सहज अडवतील हे वडिलांनी ओळखलं आणि एका उन्हाळ्यात चेंडू डोक्यावरून सोडायला शिकवलं. आठवडेच्या आठवडे त्याला रिंगपासून थोडं लांबूनही बास्केट होईना. सगळे त्याचा आजचा शॉट बघतात, पण तो त्या वैतागलेल्या उन्हाळ्यात घडला. तुझा शॉट मात्र चांगला आहे. त्याला हात लावायचं कारण नाही, म्हणून यावर जास्त लिहीत नाही.

नोव्हेंबर २००६ मधली त्याची कॉलेजची पहिली मॅच ईस्टर्न मिशिगनशी होती. त्याने १३ टर्नओव्हर केले, म्हणजे १३ वेळा चेंडू समोरच्या संघाला घालवला. तेरा! आपल्याकडे पाचव्यालाच पोरीला खाली बसवतात. मॅकिलॉप यांनी त्याला बाहेर काढलं नाही, आणि मिशिगनविरुद्धच्या पुढच्याच मॅचला त्याने ३२ पॉइंट केले. कोच म्हणून मला त्या १३ टर्नओव्हरनंतरही त्याला खेळवत ठेवण्याचा निर्णय फार मोठा वाटतो.

दुसऱ्या वर्षी, मार्च २००८ मध्ये, राष्ट्रीय स्पर्धेत दहाव्या मानांकनाचं डेव्हिडसन गोन्झागाशी भिडलं. करीने ४० पॉइंट केले, त्यातले ३० उत्तरार्धात. मग जॉर्जटाऊनविरुद्ध संघ १७ पॉइंटांनी मागे पडला होता, तरी त्या मॅचमध्ये ३० करून ती काढली. विस्कॉन्सिनला ३३. त्या मॅचला डेट्रॉईटला जाण्यासाठी कॉलेजच्या विश्वस्तांनी पोरांच्या बसचा, तिकिटांचा, राहण्याचा खर्च उचलला होता.

आता त्या मॅचची रेकॉर्डिंग काढ आणि एक काम कर. चेंडूकडे बघू नकोस, फक्त करीकडे बघ. चेंडू बराच वेळ त्याच्याच संघातल्या जेसन रिचर्ड्सकडे असतो. त्या वर्षी देशात सर्वाधिक असिस्ट, म्हणजे बास्केट करून देणारे पास, त्याच रिचर्ड्सचे होते. करी तेव्हा बेसलाइनवरून, रिंगमागच्या रेषेजवळून, पळत असतो. एका स्क्रीनवरून, म्हणजे डिफेंडरची वाट अडवून उभ्या सोबत्याजवळून, दुसऱ्या स्क्रीनवर, कोपऱ्यात, परत वर, पायाला भिंगरी लावल्यासारखा. स्क्रीनच्या इतका जवळून जातो की त्याचा खांदा स्क्रीन लावणाऱ्याच्या कमरेला घासतो. मध्ये हातभर फट ठेवलीस तर तुझी डिफेंडर त्याच फटीतून तुझ्याबरोबर येते. तू ती फट ठेवतेस, मी व्हिडिओत बघितलंय. डिफेंडर मागे लागली असेल तर रिंगकडे वळायचं. ती स्क्रीनच्या खालून निघाली तर कोपऱ्याकडे सरकायचं. हे पळत पळत, तिचा खांदा कुठे आहे ते बघून ठरवायचं. आणि पास यायच्या आधी गुडघे वाकलेले, पंजे तयार. तू पास हातात आल्यावर वाकतेस. तेवढ्या वेळात दुसरी मुलगी तुझ्यावर येऊन पोचते. तुझ्यावरच्या डबल टीमचं निम्मं कारण हे आहे.

त्या हंगामात त्याने १६२ थ्री मारले, तेव्हाचा कॉलेज विक्रम. त्यातले किती ड्रिबल न करता आले ते मोजत बस, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

पुढची मॅच कॅन्सासशी होती, जिंकले तर अंतिम चारमध्ये. दोन पॉइंटांनी मागे, शेवटचे काही सेकंद, चेंडू करीच्या हातात. दोघं त्याच्यावर आले. त्याने शॉटची हूल दिली, जागा मिळाली नाही, आणि मोकळ्या रिचर्ड्सला पास दिला. रिचर्ड्सचा थ्री चुकला. ५९-५७. डेव्हिडसनचा सलग २५ विजयांचा प्रवास तिथे थांबला आणि कॅन्सास पुढे विजेतं झालं. करीनेच मारायला हवा होता, असं म्हणणारे तुला भेटतील. मला ते पटत नाही. वर्षभर ज्याच्या पासवर आपण खेळलो तो मोकळा उभा असताना आणि आपल्यावर दोघं असताना तोच पास बरोबर होता. शॉट चुकला म्हणून पास चुकीचा ठरत नाही.

तिसऱ्या वर्षी रिचर्ड्स पदवी घेऊन गेला आणि करी पॉइंट गार्ड झाला, म्हणजे चेंडू आणून संघ खेळवणारा. सरासरी २८.६ पॉइंट, देशात पहिला. नोव्हेंबर २००८ मध्ये मेरीलँडच्या लॉयोला कॉलेजच्या कोचने ठरवलं की काहीही झालं तरी करीवर दोघं. करीच्या लक्षात आलं, आणि तो चक्क कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. दोघंही त्याच्याजवळच. उरलेल्या कोर्टवर डेव्हिडसनचे चार आणि लॉयोलाचे तीन. तो मॅचभर तसाच खेळला. करीचे पॉइंट शून्य, डेव्हिडसन ७८, लॉयोला ४८.

पोरी, तुझ्या मेसेजचं उत्तर मला या मॅचमध्ये दिसतं. तुझ्यावर दोघी असतात तेव्हा तुझ्या संघात एक जण मोकळी असते, दर वेळी. ती कोण आणि कुठे, हे तुला चेंडू यायच्या आधी माहीत हवं.

खोटा दिलासा मी तुला देणार नाही. त्या वर्षी डेव्हिडसन राष्ट्रीय स्पर्धेत पोचलंच नाही. आपल्याच लीगच्या उपांत्य फेरीत हरलं. आणि २००९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, मिनेसोटाने पाचव्या आणि सहाव्या क्रमांकावर दोन पॉइंट गार्ड घेतले, दोन्ही वेळा करीला सोडून. तो सातवा गेला, गोल्डन स्टेटला. तेव्हा निवडणारे तुझ्याही बाबतीत चुकू शकतील, आणि त्यावर तुझ्या-माझ्या हातात काही नाही. पण ज्या गोष्टीने करी पुढे इतकी वर्षं टिकला, ते चेंडूविना पळणं, ते डेव्हिडसनमध्ये शिकलेलं होतं. घोट्याच्या शस्त्रक्रिया झाल्या, वय वाढलं, तरी ते गेलं नाही.

आणि हो, परीक्षा सोडायचा विचार डोक्यातून काढ. करी तीन वर्षांनी कॉलेज सोडून गेला खरा, पण २०२२ मध्ये समाजशास्त्राची पदवी पूर्ण केली. पदवीशिवाय जर्सीचा नंबर कोर्टवर टांगायचा मान नाही असा डेव्हिडसनचा नियम. एवढा मोठा झाला तरी त्याच्यासाठी त्यांनी तो मोडला नाही. ३० नंबर वर टांगला तो पदवी मिळाल्यावरच. मला त्या कॉलेजचं याबद्दल फार कौतुक वाटतं. तुझा पेपर सोमवारी आहे ना? तो दे.

नंतरच्या शनिवारी सकाळी कोर्टवर ये, ऊन चढायच्या आत. तुमच्या संघातल्या दुसऱ्या गार्डलाही आण, जिच्याबद्दल तू मेसेजमध्ये एक ओळही लिहिली नाहीस. पहिला तासभर चेंडू तिच्याकडे राहील. स्क्रीनला मी उभी राहते.

तुझी,
ताई