आजीच्या वाकळेची नक्षी मातीच्या थाळीवर कशी उतरवावी?

कोल्हापूरकडे गोधडीला वाकळ म्हणतात, आणि माझ्या मते तिची खरी नक्षी ठिगळांपेक्षा धावदोऱ्याच्या टाक्यांत असते. त्यामुळे आपण रंगापेक्षा रेघेकडे लक्ष द्यावे. लाल मातीची थाळी चामड्याइतकी घट्ट झाली, म्हणजे नखाची खूण उमटते पण बोट रुतत नाही अशा अवस्थेला आली, की बोथट सुईने तुटक रेघा कोराव्यात, त्यांत पांढऱ्या मातीचा दाटसर घोळ भरावा आणि तो सुकत आल्यावर वरचा थर पात्याने खरवडावा. टाके तेवढे पांढरे राहतात. टाके मुद्दाम थोडे वाकडे असू द्यावेत, कारण पट्टी लावून काढलेली वाकळ फरशीसारखी दिसते. सुमारे १००० अंश सेल्सिअसला भाजलेली लाल माती सच्छिद्रच राहते, म्हणून जेवणासाठी शिसेविरहित पारदर्शक ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप, आवश्यक आहे.