वाळवण गच्चीवर, ढग जेजुरीवर

प्रश्न : मी पुण्यात धायरीत राहते. उन्हाळ्यात कुरडया, सांडगे, पापड करून विकते. फोनवरचं अ‍ॅप रोज दुपारी ‘पावसाची शक्यता’ दाखवतं आणि पंधरा दिवसांतून एकदाच पाऊस येतो. नेमक्या त्याच दिवशी माल गच्चीवर असतो. रडारवर पाऊस येताना दिसतो म्हणतात. ते कसं बघायचं?

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून माझीच गच्ची डोळ्यांसमोर आली. मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, तरी दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात माझ्या चार किलो गव्हाच्या कुरडया वळवाने भिजल्या. दुपारी आभाळ भरून आलं म्हणून मी हवामान खात्याच्या संकेतस्थळावर मुंबईचं रडार उघडलं, पुण्यावरचे ढग त्यात दिसतात. चित्रावर वेळ होती 09:40. मला वाटलं, हे सकाळचं शिळं चित्र. फोन ठेवला आणि आत गेले. ती वेळ यूटीसीमधली, म्हणजे ग्रिनिचच्या जागतिक वेळेतली होती. आपली वेळ काढायला तिच्यात साडेपाच तास मिळवायचे, म्हणजे चित्र दुपारी तीन दहाचं, अगदी ताजं होतं. चारच्या आत सर कोसळली. तीन दिवस गहू भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, चीक काढून शिजवायचा, पहाटे उठून सोऱ्या फिरवायचा. एवढं सगळं वाया गेलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून रडार उघडल्यावर आधी चित्रावरची वेळ बघा, रंग नंतर.

अ‍ॅप सांगतं तो अंदाज असतो, संगणकाने गणित करून काढलेला. गहू कधी भिजत घालायचा हे त्यावरून आणि हवामान खात्याच्या जिल्ह्याच्या अंदाजावरून ठरवा. रडार उद्याचं काही सांगत नाही. ते लहरी सोडतं आणि थेंबांवर आपटून परत आलेल्या लहरी मोजतं. या घडीला हवेत पाणी कुठे आहे, एवढंच त्याला कळतं. काही अ‍ॅपवर ‘रडार’ नावाखाली उपग्रहावरून बांधलेला अंदाजच रंगवलेला असतो. त्यामुळे चित्र कुठल्या रडारचं आहे हे लिहिलेलं नसेल, तर त्याच्या भरवशावर माल बाहेर ठेवू नका.

आता ढग येतोय की जातोय हे कसं ओळखायचं? एका चित्रावरून ते कधीच कळत नाही. दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने तीन चित्रं बघा. समजा अडीच वाजता जेजुरीवर लाल ठिपका आहे आणि तीन वाजता तोच सासवडवर आलाय. ते अंतर सरळ रेषेत साधारण 15 किलोमीटर, म्हणजे ढग ताशी 30 किलोमीटरने वायव्येला सरकतोय. सासवड ते धायरी सुमारे 25 किलोमीटर. तुमच्या हातात पाऊण तास आहे. कुरडया सुपात भरून खाली न्यायला तो पुरतो. रडारच्या चित्रावर ही गावं लिहिलेली नसतील, तर ते एकदा साध्या नकाशाशेजारी धरा आणि सासवड, जेजुरी, भोर, पौड यांच्या जागा मनात पक्क्या करून ठेवा. वळवाला ठरलेली दिशा नसते. परतीच्या पावसात ढग बरेचदा पूर्वेकडून येतात. मे महिन्यात मात्र रोज नव्याने बघावं लागतं.

हा हिशेब तासाभरापलीकडे ताणू नका. वळवाचा एकेक ढग अर्धा-पाऊण तास जगतो. सासवडचा ढग वाटेतच विरतो आणि त्यातून सुटलेल्या गार वाऱ्याने कात्रजच्या डोंगरावर नवा उभा राहतो, असंही होतं.

रंगांशेजारच्या पट्टीवर डीबीझेडचे आकडे असतात, म्हणजे परत आलेली लहर किती जोरदार याचं माप. 20 च्या आसपास हलका पाऊस, 45 च्या पुढे जोराची सर, 55 च्या पुढे गारांची शंका. एप्रिलमध्ये हवा इतकी कोरडी असते की फिकट रंगाचा पाऊस जमिनीवर पोचण्याआधीच वाळून जातो. तेवढ्यासाठी माल उचलू नका. पिवळा-लाल दिसला, की उचला.

आणि ताई, गडगडाट ऐकू आला की गच्चीवर पाऊल ठेवू नका, कुरडया भिजल्या तरी चालतील. विजांसाठी पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने ‘दामिनी’ नावाचं अ‍ॅप केलंय. आपल्या आसपास वीज पडतेय का, ते त्यात दिसतं. ते आजच फोनवर घ्या.

प्रश्न : कोथरूडहून हिंजवडीला दुचाकीने जातो. जुलैमध्ये रडारवर पुणे कोरडं दिसत होतं आणि बावधनपासून बाणेरपर्यंत भिजत गेलो. रडारवर विश्वास ठेवायचा की नाही?

उत्तर : मे महिन्यात ठेवा, जुलैमध्ये अर्धाच ठेवा.

मुंबईची रडारं कुलाब्याला आणि वेरावलीला आहेत. कुलाबा ते कोथरूड सरळ रेषेत सुमारे 115 किलोमीटर. रडारचा सगळ्यात खालचा किरणसुद्धा जमिनीशी अर्ध्या अंशाच्या आसपास कोन करून निघतो, आणि पृथ्वी गोल असल्याने जमीन त्याच्याखालून वाकत जाते. पुण्यावर येईतो तो समुद्रसपाटीपासून पावणेदोन किलोमीटर उंच गेलेला असतो. पुणं 560 मीटरवर, म्हणजे तुमच्या हेल्मेटच्या वर सव्वा किलोमीटरपर्यंत काय चाललंय ते त्याला नीट दिसत नाही. वाटेत सह्याद्रीही आडवा येतो. वळवाचा ढग दहा-बारा किलोमीटर उंच असतो, त्यामुळे तो सह्याद्रीच्या डोक्यावरून मुंबईला सहज दिसतो. जुलैची भुरभुर ठेंगण्या ढगांतून पडते आणि किरणाच्या खालीच राहते. शिवाय तिचे थेंब बारीक. थेंबाचा व्यास दुप्पट झाला की परत येणारी लहर 64 पट होते. मग बारीक थेंबांची किती येणार?

म्हणून जुलैमध्ये रेनकोट घालूनच निघा. रडारला फक्त जोराच्या सरीचं विचारा. पश्चिमेला मुळशी-ताम्हिणीवर पिवळा पट्टा असेल तर तीन चित्रं बघा. पट्टा पौडकडे सरकत असेल, तर ऑफिसमध्येच अर्धा तास थांबा. घाटावरचा रंग पुष्कळदा जागचा हलत नाही. वारा डोंगरावर चढतो, तिथेच ढग होतो आणि तिथेच बरसतो. तसं दिसलं तर खुशाल निघा.

प्रश्न : आमची सोसायटी सिंहगड रस्त्याला नदीकाठी आहे. पाणी शिरेल का, हे रडारवरून कळेल?

उत्तर : नाही. कृपा करून त्यावर विसंबू नका. तुमच्या दारात येणारं पाणी तुमच्या डोक्यावर पडलेलं असेलच असं नाही. टेमघर, वरसगाव, पानशेतच्या डोंगरांत पडलेला पाऊस खडकवासल्यात येतो आणि त्या धरणात मावतं जेमतेम 1.97 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. ते भरलं की पाणी मुठेत सोडावंच लागतं. 25 जुलै 2024 ला एकतानगरीत घराघरांत पाणी शिरलं, ते शहरातला पाऊस आणि धरणातला विसर्ग एकत्र आल्याने. तुम्ही जाहीर होणारे विसर्गाचे क्युसेकचे (सेकंदाला किती घनफूट पाणी सोडलं, त्याचे) आकडे बघा, रात्रीसुद्धा. आकडा वाढतोय असं दिसलं, की तळमजल्यावरच्या आजी-आजोबांना वर न्या आणि गाड्या हलवा.

ओढ्याकाठच्या वाचकांचं गणित मात्र उलटं आहे. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजच्या बाजूला कोसळलेला पाऊस आंबील ओढ्याने थेट अरण्येश्वर, दांडेकर पुलाकडे आणला आणि माणसं गेली. तिथे इशारा द्यायला धरण नव्हतं. ओढ्याला कात्रजपासून खाली यायला फार वेळ लागत नाही. आंबील ओढ्याजवळ राहणाऱ्यांनी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संध्याकाळी आभाळ भरलं की रडार उघडावं. कात्रजच्या डोंगरावर लाल ठिपका एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जागचा हलत नसेल, तर दार ठोठावून शेजाऱ्यांना उठवावं.