कॉलेजनं काढलेल्या मुलाला अमेरिकेत पाठवण्याआधी

वहिनी, तुम्ही विचारलंत की हॉस्टेलमधल्या मारामारीवरून मुलाला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातून काढून टाकलंय, कोल्हापुरात तोंड दाखवायची सोय राहिली नाही, तर अमेरिकेत ट्रान्सफर मिळेल का, आणि ती दोन वर्षं दाखवलीच नाहीत तर चालेल का. फी, आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो प्रवेशाचा फॉर्म), बँकेचे कागद हे सगळं विद्यापीठांच्या साइटवर आहे, ते मी सांगत बसत नाही.

लपवू मात्र नका. व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये आधी शिकलेल्या संस्था विचारतात. तिथलं खोटं उघडकीला आलं तर अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं. कॉलेजनं काढलं एवढ्यावरून तसं होत नाही. शिवाय बऱ्याच विद्यापीठांत ट्रान्सफरच्या अर्जासोबत जुन्या कॉलेजनं भरायचा एक फॉर्म असतो आणि त्यात शिस्तभंगाचा रकाना असतो.

आधी कॉलेजकडून लेखी आदेश घ्या. मुदतीपुरतं काढलंय की कायमचं, हे त्यावरूनच ठरतं. रॅगिंगची तक्रार पोलिसांत गेली असेल तर वकिलाला दाखवाच. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्याप्रमाणे कोर्टात दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला ५ वर्षं दुसऱ्या संस्थेत प्रवेश मिळत नाही.

ट्रान्सक्रिप्टचे, म्हणजे कॉलेजच्या अधिकृत गुणपत्रकाचे, जास्तीचे संच काढून ठेवा आणि खिडकी सोडायच्या आधी पाकिटं उलटी करून बघा. माझ्या वेळी भाऊ राजारामपुरीतून कॉलेजात खेपा घालून थकला. लायब्ररीची सही आणा, जिमखान्याची सही आणा, जिमखान्याचे सर रजेवर. मी त्या जिमखान्याची पायरीसुद्धा कधी चढले नव्हते! शेवटी पाकीट इथं अमेरिकेत पोचलं, तर चिकटवलेल्या कडेवर शिक्का नाही म्हणून परत. इतकी वर्षं झाली, अजून चीड येते.

तुमचा प्रश्न वाचून मला झोप लागली नाही, कारण माझ्या मुलालाही इथल्या एका विद्यापीठानं दुसऱ्या वर्षाला काढलं होतं. प्रोग्रामिंगच्या असाइनमेंटमध्ये त्यानं मित्राचा कोड घेतला होता. चूक त्याचीच, पण आम्हाला एका ओळीनं कुणी कळवलं नाही. १९७४ च्या फेर्पा कायद्यानं कॉलेजातल्या मुलाच्या कागदपत्रांवर हक्क त्याचा, आईवडिलांचा नाही. फी आम्ही भरत होतो! थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला पोरगं सामानाचे खोके घेऊनच दारात उभं राहिलं. सुनावणीला एकटाच बसला होता. ‘घरी सांगितलंस का रे?’ असं त्या समितीतल्या एकानं तरी विचारलं असेल का, हे मला अजून जाणून घ्यायचंय.

पुढं तो कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या कॉलेजात गेला. तिथं प्रवेश सहसा अडत नाही, दोन वर्षांनी मोठ्या विद्यापीठात जाता येतं, आणि अशी बरीच कॉलेजं परदेशी मुलांना आय-२० देतात. आधी शिकलेल्या विषयांची सगळी क्रेडिट्स धरली जातीलच असं नाही, पण तुमच्या मुलासाठी मला हाच रस्ता दिसतो. मात्र एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असताना इथंही काढलं, तर कोर्स पूर्ण करणाऱ्यांना देश सोडायला मिळतात ते ६० दिवससुद्धा मिळत नाहीत, लगेच निघावं लागतं.

एकटेपणाचं विचारलंत. येतो, जातो. भात-आमटी करता आली की निभतं.

मला काळजी वाटते ती वेगळीच. पेठेत लोक बोलतील, तालमीत विषय निघेल, हे तुम्ही तीनदा लिहिलंय; त्याला स्वतःला यायचंय का, हे एकदाही नाही. लोकांच्या तोंडापासून लांब म्हणून पाठवत असाल तर नका पाठवू. आम्ही तर इथंच होतो, तरी कोल्हापूरहून आजीचा फोन आला की हा खोलीचं दार लावून घ्यायचा. पुढं पदवी मिळाली, नोकरी लागली, पण पदवीदानाला गेला नाही. आजीला त्या झग्यातला फोटो हवा होता. ती गेली, फोटो राहिलाच.

अर्जात काय घडलं ते मुलानंच लिहायचं असतं. माझ्या मुलाच्या पहिल्या मसुद्यात प्रोफेसर होते, मित्र होता, नियम होते, तो स्वतः कुठंच नव्हता. ‘कोड माझा नव्हता आणि मला ते माहीत होतं’ हे वाक्य कागदावर यायला कितीतरी आठवडे गेले. तुमच्या मुलाला आजच लिहायला बसवा, मराठीत लिहिलं तरी चालेल. मला पाठवा, इंग्रजी मी बघून देईन. मजकुराला मी हात लावणार नाही, तुम्हीही लावू नका.